आतून जाड झालेला हंडा

जयवंता पोशीरची, नदीकाठी वाढलेली. लग्न होऊन कुंभिवलीला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला कळून चुकलं की या घरात दोन गोष्टींना हात लावायचा नाही. एक सासऱ्याची पानाची चंची आणि दुसरा न्हाणीतला सासूचा तांब्याचा हंडा. चंचीचं समजण्यासारखं होतं. सासरा मालोजी म्हणजे तापट माणूस, चंचीतली सुपारी इकडची तिकडे झाली तरी घर डोक्यावर घ्यायचा. हंड्याचं मात्र काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना. पाणी भरायचं तिनं, जाळ घालायचा तिनं, बाहेरून चिंच आणि राख लावून लखलखीत घासायचा तोही तिनंच. फक्त आत हात घालायचा नाही.

आत होतं काय, तर कीट. परसातल्या विहिरीचं पाणी जड. डाळ सकाळपासून रटरटली तरी दाणा दाताखाली कचकन लागायचा आणि डोक्यावरून न्हालं की केसांचा झाडू व्हायचा. पोशीरच्या नदीत न्हाऊन मोठ्या झालेल्या पोरीला ही शिक्षाच होती. तेच पाणी हंड्यात रोज तापून तापून आतल्या बाजूनं पांढरा थर धरला होता, वर्षानुवर्षांचा, बोटभर जाड, दगडासारखा टणक.

त्या थराचा सासूला, म्हणजे चंद्राबाईला, कोण अभिमान. "माझ्या आयनं दिला तवा हलका व्हता गं," ती आल्यागेल्याला सांगायची. "आता उचलाय दोघी लागतात. भांडं हातात वाढाय पायजे, तसं माझ्या हातात वाढलं." आता भांडं म्हणजे काही रेडकू नव्हे, चारा घातला की वाढायला. पण हे चंद्राबाईला सांगणार कोण? तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस कुंभिवलीत तरी जन्माला आला नव्हता, आणि मालोजीसारखा गडीसुद्धा तिच्यापुढं दोन वेळा खाकरून मग बोलायचा.

हंडा वाढला तसा त्याचा आहारही वाढला. पूर्वी चार लाकडांत तापणारं पाणी आता मोळीभर लाकूड खाऊन कोमटच राहायचं. आणि लाकूड काय रस्त्यावर पडलं होतं? घाटातून आगगाडी सुरू होऊन वीसेक वर्षं झाली होती, डोंगरातलं रान सरकारनं राखीव केलं होतं, आणि रानाचा रखवालदार दिसला की बायका मोळी टाकून पळायच्या. जयवंता कैक वेळा अशी रिकाम्या हातानं घरी आली होती.

पहिल्याच पौषात त्यापायी तिच्या हातून घोटाळा झाला. लाकडं संपली, पाणी तापेना, म्हणून तिनं गोठ्यामागचा सुका पाला भराभर न्हाणीच्या चुलीत सारला. तो पाला निघाला राबाचा. भाताचं रोप जिथं टाकायचं तिथं पाला, शेण पसरून जमीन भाजतात, तो राब. पोशीरला राबाचा ढीग शेतावर असायचा, गोठ्यामागं असायचा तो केरकचरा. इथं नेमकं उलटं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. निम्मा ढीग जळाला तेव्हा मालोजीच्या लक्षात आलं. त्यानं सुनेला अंगणात उभी केली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, आणखी एक नुकसान कर, मग तुला पोशीरला नेऊन सोडतो.

नवरा भिवाजी बाजूलाच उभा होता. मनानं चांगला, पण बापापुढं त्याच्या तोंडाला कुलूप. तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. जयवंताला आईबाप नव्हते. पोशीरला एक भाऊ, त्याचं भरलेलं घर आणि वहिनी. ती परत गेली असती तर भावानं दार लावून घेतलं नसतं, पण नांदवून न घेतलेली म्हणून जन्मभर तिथल्या कोपऱ्यात बसावं लागलं असतं. त्या दिवसापासून ती या घरात जपून पाऊल टाकू लागली, आणि मालोजी खाकरला तरी हातातलं काम टाकून आडोशाला सरकू लागली.

असं असूनही तिनं हंड्याला हात घातला. कसा, ते सांगतो. एकदा हंडा बाहेरून घासताना चिंचेचा चोथा काठावरून आत सरकला आणि तिथंच चिकटून राहिला. दुसऱ्या दिवशी पाणी उपसताना तिचं नख तिथं लागलं, तर कीट खडूसारखं भुसभुशीत. नखानं उकरलं की तुकडा हातात. खाली तांबं, आंब्याच्या कोवळ्या पानासारखं लालसर. ती बराच वेळ त्या रुपयाएवढ्या जागेकडं बघत बसली. मग सासूच्या पायांचा आवाज आला तशी उठली आणि त्या जागेवर ओली राख चोपडून मोकळी झाली. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

चैत्रात नणंद इंदूबाई बाळंतपणाला माहेरी आली. म्हणजे आता सकाळ-संध्याकाळ कढत पाणी. बाळंतिणीचा शेक, बाळाची अंघोळ, धुणी, महिनाभर तरी चुलीला उसंत नाही. एवढं लाकूड कुठून आणायचं या विचारानं जयवंताची झोप उडाली. एवढ्यात कळंबहून निरोप आला की चंद्राबाईच्या बहिणीचा नवरा अंथरुणाला खिळलाय. सुईण म्हणाली, इंदूला अजून पंधरवडा तरी अवकाश आहे, जाऊन ये खुशाल. चंद्राबाई निघाली. निघताना कोंबड्यांपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळं बजावून झालं. हंड्याविषयी काही बोलली नाही, कारण तो नियम सांगायची गरजच नव्हती.

घरातले बाप्ये विहिरीवर गार पाण्यानं न्हायचे, इंदूपुरतं पाणी तपेल्यात तापायचं. हंडा रिकामाच होता. जयवंतानं फडताळातली जुनी काळी चिंच काढली, कोळ केला, कोमट पाण्यात मिसळून हंड्यात ओतला आणि वर पत्रावळ झाकली. कान लावला तर आत बारीक सुरसुर चाललेली. तिला आधी भीती वाटली, मग हसू आलं. दुसऱ्या दिवशी आंबट पाणी गढूळ झालं होतं आणि वरचा थर ओल्या मातीसारखा निघत होता. लोखंडी उलथणं तिनं मुद्दाम घेतलं नाही, ओरखडे उठले असते. नारळाची करवंटी घेतली आणि हलक्या हातानं खरवडत गेली. निघालेला गाळ आळवाच्या वाफ्यात न टाकता कुंपणापलीकडं नेऊन टाकला, न जाणो आंबटानं आळू मरायचा. चिंच सरली तेव्हा पडलेल्या कैऱ्या ठेचून त्यांचं पाणी घातलं. तेही लागू पडलं, फक्त वेळ जास्त लागला. पुढं पुढं तर मोठमोठ्या खपल्या आपण होऊन सुटू लागल्या.

एका दुपारी काम संपलं. हंडा आतून असा चमकत होता की तिला स्वतःचं तोंड दिसलं. तिनं एकटीनं तो उचलून बघितला. उचलला गेला. पोशीर सोडल्यापासून पहिल्यांदाच आपण या घराचं काही भलं केलं असं तिला वाटलं, आणि सासू परत आली की पहिल्यांदा काय म्हणेल याची तिनं मनातल्या मनात दहा वेळा उजळणी केली. दहाही वेळा सासू खूशच झाली. माणूस स्वप्नं बघायला बसला की कंजुशी कशाला करील?

चंद्राबाई परतली तो दिवस काही वेगळाच निघाला. ती उंबऱ्यात पाय ठेवते न ठेवते तोच इंदूला कळा सुरू झाल्या. पंधरवडा वगैरे सुईणीच्या हिशेबात. धावपळ उडाली. चंद्राबाईनं पदर खोचला, सुईणीला आणायला भिवाजीला पिटाळलं आणि आतूनच ओरडली, पाणी चढव. जयवंतानं घागरीमागून घागर ओतून हंडा काठोकाठ भरला, खाली चांगला जाळ केला. आता बघतील म्हणाली मनात, कसं झटदिशी तापतं ते.

जाळ धरला आणि चुलीतून फस्स आवाज आला. मग पुन्हा. धूर दाटला, लाकडं काळी पडली आणि बघता बघता चूल विझली. हंड्याच्या बुडातून पाण्याची धार लागली होती. करंगळी जाईल एवढीही नसेल, पण धार ती धार. घरात बाळंतीण अडलेली, पाण्याचं भांडं फुटलेलं, आणि भांडं कुणाचं तर सासूच्या आईनं दिलेलं. पोशीरची वाट तिला डोळ्यांपुढं दिसू लागली.

धूर ओटीपर्यंत गेला तसा मालोजी उठून आला. त्यानं विझलेली चूल बघितली, हंडा बघितला, हंड्याचं आतलं लखलखीत अंग बघितलं. त्याच्या कपाळाची शीर फुगली. "कुणी केलं ह्ये?" त्यानं विचारलं.

तेवढ्यात चंद्राबाई मागच्या दारानं आली. तिनं हंड्यात डोकावून बघितलं. रिकाम्या होत चाललेल्या हंड्याच्या तळाशी उजेडाचा एक ठिपका दिसत होता. तिच्या चेहऱ्याकडं बघायची जयवंताची छाती झाली नाही. ती खाली मान घालून उभी राहिली आणि सासूचा आवाज कधी कानावर आदळतो त्याची वाट बघू लागली.

"मीच सांगून गेल्ते तिला," चंद्राबाई म्हणाली. "इंदूला पाणी लागंल, आतून घासून ठेव म्हणून. माझीच अक्कल. तिच्याकडं काय बघताय असं? जावा, शेजारून तपेली मागून आणा, नायतर तुमची लेक आत थांबनार हाय का तुमच्यासाठी?"

मालोजी बायकोकडं बघत राहिला. मग वळला आणि शेजारी गेला. उभ्या जन्मात भांडी मागायला न गेलेला माणूस दोन तपेली दोन्ही काखांत मारून आला. जयवंताच्या डोळ्यांना धार लागली होती. सासूनं तिच्या हातात फुंकणी दिली आणि म्हणाली की रडून चूल पेटत नाही. पाणी तापलं. दिवस कलायच्या आत इंदू मोकळी झाली, मुलगी झाली, दोघीही सुखरूप. जयवंतानं तपेल्यांनी पाणी देता देता देवापेक्षा सासूचंच नाव जास्त घेतलं.

पुढं सवड झाली तेव्हा तिनं चंद्राबाईचे पाय धरले. हे तुम्ही का केलंत, असं तिला विचारायचं होतं. चंद्राबाईनं पाय मागं ओढून घेतले. हंडा खालापूरला तांबटाकडं पाठवायचाय, बाहेरून घासून ठेव, एवढंच ती म्हणाली. तो विषय तिनं जो बंद केला तो कायमचा. विचारलेलं तिला आवडत नाही हे कळल्यावर जयवंतानंही पुन्हा कधी काढला नाही. पण त्या दिवसापासून ती सासूच्या ताटातली भाकरी जरा जास्त खरपूस भाजू लागली.

तांबटानं हंडा उलटासुलटा करून बघितला. त्याचं म्हणणं पडलं की भोक जुनंच, कीटानं बुजून गेलं होतं; त्यात अडकलेली शेवटची खपली जाळ लागताच सुटली. आणि भोक पडलं तेही कीटापायीच. आत थर चढला की पाणी तांब्याला लागत नाही, मग जाळ नुसतं बूड भाजत राहतो आणि तांबं झिजून पातळ होतं. त्यानं पितळेची झाळ देऊन भोक बुजवलं. भिवाजीनं घरी येऊन हे सगळं सांगितलं. चंद्राबाईनं त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. मी म्हणतच होते, कीटानंच हंडा धरून ठेवला होता, म्हणाली. दुसरं वाक्य जणू कुणी बोललंच नाही.

मात्र वागली ती दुसऱ्या वाक्याप्रमाणं. झाळलेला हंडा घरात आल्यावर चार लाकडांत पाणी कढू लागलं हे तिनं डोळ्यांनी बघितलं. मग दर अमावास्येला ती स्वतः हंड्यात हात घालू लागली. आमटीसाठी चिंच कोळली की उरलेला चोथा मडक्यात साठवायचा, कैऱ्यांच्या साली फेकायच्या नाहीत, कोकमाची फोलं वाळवून ठेवायची. यातलं जे हाताशी असेल ते कोमट पाण्यात घालून रात्रभर हंड्यात ठेवायचं आणि सकाळी करवंटीनं, काथ्यानं घासून काढायचं. रोज रात्री हंडा उपसून पालथा घालायचा, पाणी आत आटू द्यायचं नाही. आणि डाळीपुरतं पाणी नदीवरून आणायचं, कारण जड पाण्यात डाळ शिजवणं म्हणजे लाकडाची होळी. हे सगळं जयवंतानं सुचवलं, सासूनं उचललं आणि थोड्याच दिवसांत ते सासूचंच होऊन बसलं. आपणच घासायला सांगितलं होतं, असं चारचौघांत बोलून झालेलं. मग घासायची युक्ती दुसऱ्या कुणाची असून कसं चालेल?

गावात त्या युक्तीला नाव पडलं चंद्राबाईचं आंबट. आळीतल्या बायका कीट धरलेली भांडी घेऊन यायच्या आणि चंद्राबाई उंबऱ्यात बसून कुणाला चिंच, कुणाला कैरी असं वैद्यासारखं सांगायची. कल्हई केलेल्या भांड्यात आंबट रात्रभर ठेवाल तर कल्हई जाईल आणि दुसऱ्या दिवशीचं ताक कळकेल, हे बजावायला ती विसरायची नाही. हे तिला जयवंताच्या एका फसलेल्या प्रयोगातून कळलं होतं, पण तेही आता तिचंच ज्ञान. जयवंता आत बसून ऐकायची आणि तिला मनापासून बरं वाटायचं. जिनं आपल्या वाटचा बोल स्वतःवर घेतला तिनं थोडा मान घेतला तर बिघडलं कुठं?

चंद्राबाईला बोल मात्र काही कमी लागला नाही. घरात कुणी पाहुणा आला की मालोजी पान लावता लावता सुरू करायचा. आमच्या हिनं आईचा हंडा घासून घासून फोडला, लेकीच्या कळा चालू असताना. पाहुणे हसायचे. नातवंडं हसायची. इंदूची ती मुलगी मोठी होऊन आजोळी यायची तेव्हा तीही आजीला चिडवायची, मी जन्मले तेव्हा तू चूल विझवलीस म्हणून. चंद्राबाई तोंड वाकडं करायची आणि म्हणायची, हो, फोडला. आणखी काही? पहिल्या पहिल्यांदा जयवंता हातातलं वाढणं ठेवून आत निघून जायची. सांगून टाकावं असं किती वेळा तिच्या मनात आलं. पण सासऱ्याचा तो आवाज, ते अंगणात उभं राहणं तिच्या अंगात इतकं खोल बसलं होतं की पोरंबाळं झाली, केस पिकायला लागले, तरी शब्द ओठांवर येऊन परत जायचे.

चंद्राबाई गेली ती म्हातारी होऊन, अंथरुणात न पडता, दोन दिवसांच्या तापानं. तेराव्याला घर भरलं होतं. जेवणं झाली, माणसं ओटीवर टेकली आणि गेलेल्या माणसाच्या गोष्टी निघतात तशा निघाल्या. कुणीतरी हंड्याची काढली. म्हातारी हुशार खरी, पण हंडा फोडून बसली, असं कुणी म्हणालं आणि लोक प्रेमानंच हसले. दाराआड उभ्या असलेल्या जयवंताला ते ऐकवेना. जित्या माणसानं हौसेनं वाहिलेलं ओझं मेल्यावरही तिच्याच माथी का राहावं? ती बाहेर आली. सासऱ्यासमोर ओटीवर येऊन बोलायची तिची ही पहिलीच वेळ.

"हंडा आत्याबाईंनी नाय फोडला," ती म्हणाली. "त्यांनी मला काय सांगितलं नव्हतं. त्या कळंबला गेल्यावर मी माझ्या मनानं घासला. त्यांनी माझ्यासाठी सोताच्या अंगावर घेतलं." इतकी वर्षं झाली तरी तिला मालोजीच्या तोंडाकडं बघवेना.

मालोजी आता पुरता थकला होता. त्यानं चंचीतून सुपारीचं खांड काढलं, ते बोटांत फिरवलं आणि सुनेकडं बघितलं.

"ठाव हाय मला," तो म्हणाला. "तवाच कळलं व्हतं. जी बाय मला तीस वर्सं त्या हंड्याच्या आत बोट घालू देईना, ती तुला घासाय सांगून जाईल व्हय? डोळ्यांत डोळं घालून खोटं बोलली माझ्याशी. म्हनलं, हिला ही पोर आपल्या घरात पायजेच हाय. मंग मी कोन तुला पोशीरला धाडनार?"

"मंग जलमभर त्यांना हसलात का?" जयवंताच्या तोंडून निघून गेलं.

"हसलो नसतो तर तुज्यावर आलं असतं की, बाय," म्हातारा म्हणाला. "ती म्हनली मी फोडला, मी म्हनलो हिनंच फोडला. दोगांनी धरून ठेवलं म्हनून टिकलं."

जयवंता तिथंच खाली बसली. इतकी वर्षं ती एकट्या सासूचे उपकार मानत होती, आणि ज्या माणसाच्या खाकरण्यानं ती आडोशाला सरकायची त्यानंही त्याच दिवशी तिला घरात ठेवून घेतलं होतं. भीतीनं वाया गेलेल्या त्या सगळ्या वर्षांचं तिला रडू आलं आणि त्यातच हसूही आलं. मग तिनं पदरानं डोळे पुसले, पुढं होऊन मालोजीचे पाय धरले आणि त्यानं ते मागं ओढून घेतले नाहीत.